घाटासाठी सोललेली मोटार

ती दोन माणसांची उघडी मोटार माझ्या चुलतभावाने, दादाने, अकोल्याला एका साहेबाकडून घेतली. साहेब विलायतेला परत निघाला होता. मोटार शर्यतीच्या बांधणीची होती: लांब नाक, बसायला खोलगट जागा, मागे निमुळती शेपटी. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. आमच्या रिठदला ती आली तेव्हा तिची नवलाई साहेबाच्या हातीच संपलेली होती, पण इंजिन निरोगी होते.

पहिल्याच महिन्यात तिने काकांना घाटात उतरवले. पातूरकडून मेडशीला येताना चढ लागतो. दादा चालवत होता, त्याचे वडील म्हणजे माझे काका शेजारी होते आणि मागे अकोल्याचा बाजार बांधलेला होता. निम्म्या चढावर मोटार दमली. काका उतरले तेव्हा ती हलली, आणि ते मागून चालत आले. कापसाच्या गाड्यांची रांग त्याच वेळी वर येत होती.

"पाटील, बैल देऊ काय?" एका गाडीवानाने विचारले.

काका शंकरपटाचे माणूस. बैलांच्या शर्यतीत त्यांची जोडी रिसोडपर्यंत नावाजलेली होती. घरी आल्यावर जेवायला बसताना ते बोलले.

"ज्या घाटात मले उतरावं लागलं, तो घाट न थांबता चढली पाह्यजे. नाई तं वीक, अन् जोडी आण."

"चढन आबा," दादा म्हणाला. "जड हाय, म्हून दमली. हलकी करतो."

हलके करणे आमच्या घराला नवीन नव्हते. पटाची छकडी, म्हणजे शर्यतीची छोटी गाडी, दरवर्षी हलकी केली जाई. सुतार तिचे लाकूड रंध्याने इतके उतरवी की उरलेली छकडी एक माणूस खांद्यावर नेई. दादाने त्याच सुताराला बोलावले आणि मोटार गोठ्यापुढच्या लिंबाखाली उभी केली. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी होतो. पाने-पक्कड माझ्याकडे आली आणि चाचणीच्या दिवशी शेजारची जागाही.

कापूस मोजायचा काटा लिंबाच्या फांदीला टांगला. निघेल तो भाग आधी काट्यावर जाई. पुढची काच, कापडी टप, दोन्ही दारे, पायफळ्या, चारही मडगार्ड, पितळी भोंगा, गादीखालच्या स्प्रिंगा. शेपटीचा पत्रा आणि त्याखालचा लाकडी सांगाडा काढला. सुताराने बांबूच्या कामट्यांचा नवा सांगाडा बांधला, त्यावर जाड खादी ताणली आणि जवसाच्या तेलाचे हात दिले. कापड वाळल्यावर टिचकी मारली की डफासारखे वाजे. जुन्या शेपटीला दोन माणसे लागली होती. नवी मी एका हाताने उचलली.

काकू रोज येता-जाता बघत. एके दिवशी थांबल्या.

"काहून रे, वांग्यासारखी सोलून ठेवली! पाहुण्याइले दाखवाले तरी काही ठेव तिच्या अंगावर."

"पाहुण्याइले नाई दाखवाची. घाटाले दाखवाची हाय," दादा म्हणाला.

काढून टाकता न येणाऱ्या वस्तू उरल्या: जादा चाक, बॅटरी, पाण्याचा आणि पेट्रोलचा डबा. त्या कुठे ठेवायच्या यावर चर्चा झालीच नाही. पटाची गाडी मागून जड झाली की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. तिला उलार म्हणतात. उलार हा शब्द पटाच्या माणसाच्या तोंडी शिवीसारखा असे. म्हणून छकडीत भार पुढे, जुवाजवळ. सुताराने चाक नाकावर आवळले, बॅटरी आणि डबे पुढच्या चाकांजवळ बांधले. काकांनी एक फेरी मारून पाहिले आणि मान डोलावली. सगळ्यांच्या मते काम चोख झाले होते. माझ्याही.

चाचणीच्या दिवशी काका आमच्या आधीच घाटात पोचले होते. ज्या वळणावर ते पूर्वी उतरले होते तिथेच त्यांची बैलगाडी सोडलेली होती. गाडीत नवा जाड दोर होता.

"दोर कायले, आबा?" घाट उतरताना दादाने मोटार हळू करून विचारले.

"तुले घरी न्याले."

आम्ही पायथ्याला गेलो, तोंड फिरवले आणि निघालो. मोटार पूर्वीची राहिली नव्हती. सरळ चढ तिने अशा वेगाने घेतला की मला पुढची कडी धरावी लागली. दादा हसत होता. वळण आले, चढ ताठ झाला, आणि मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. मडगार्ड नव्हते, मुरूम दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखा उडाला. इंजिन जोरात ओरडत होते आणि मोटार काकांच्या बैलांसमोर उभी होती. बैलांनी चारा खाणे थांबवले.

काका दोर घेऊन उठले.

दादा उतरला आणि मागच्या चाकांपाशी उकिडवा बसला. चाकांनी मुरमात दोन खड्डे पाडले होते. पुढची चाके मात्र मातीत घट्ट बसलेली होती. त्याने एकदा मागे, एकदा पुढे पाहिले.

"आबा, या गाडीचे बैल मागं हायेत. वढते ते मागचं चाक. आपण जू समजून नाक दाबून राह्यलो."

काकांनी दोन्ही चाके पाहिली. मग नाकावरचे जादा चाक पाहिले.

"मंग उलार कर," ते म्हणाले. उलार कर असे त्यांच्या तोंडून मी तेवढ्या एकदाच ऐकले.

"अन् थांबली त्याचं?" दादाने अट आठवून विचारले.

"पटात जोडी बिचकली तं परत सोडतात. एकदाच. मी सोतः कितीकाइले सोडलं."

चाक, बॅटरी, डबे आम्ही मागे नेले. बॅटरीची तार कशीबशी पुरली. दादाने शेपटी दाबून पाहिली आणि मान हलवली.

"अजून भार पाह्यजे."

"दगड भर."

"दगड सरकते, आबा. वळणावर कुठं झुकाचं ते दगडाले समजत नाई. पट हाकणारा लागते."

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. आपल्याला बोलण्यात गाठले जात आहे हे त्यांना कळत होते. पण दादाचे म्हणणे खरे होते आणि ते दुसऱ्या कोणाला जमण्यासारखे नव्हते. त्यांनी पागोटे घट्ट केले. बैलगाडीची एक फळी मागच्या आसावर टाकून आवळली, काका तिच्यावर बसले आणि ओढायला आणलेला दोर त्यांनी धरायला घेतला.

पुन्हा पायथा. पुन्हा सरळ चढ. वळणाच्या अलीकडे मागून हाक आली, बैलांना घालतात तशीच, आणि मोटारीची शेपटी एका अंगाला दबली. चाके एकदा घसरली, मग त्यांनी जमीन धरली. वळण मागे पडले. मी वळून पाहिले तर काका आतल्या बाजूला जवळजवळ आडवे झुकले होते आणि मुरमाने लालभडक झाले होते. दादाने वरच्या सपाटीवर येईपर्यंत पाय सैल केला नाही.

वर गाड्या सोडून गाडीवान विसाव्याला बसले होते. त्यांतला एक काकांना ओळखून उठला.

"काय पाटील, आज मागं बसले?"

"या गाडीत हाकणारा मागंच बसते," काका म्हणाले.

ते उतरले, पागोटे झटकले आणि तोंडातली माती थुंकली. दादा निकालाची वाट पाहत होता. काकांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, कापडी शेपटीवर टिचकी मारली.

"मागचे मडगार्ड तेवढे परत लाव," ते म्हणाले. "मले दरवेळी आंघोळ करावी लागन."

दुसऱ्या दिवशी सुताराने मागचे दोन मडगार्ड बसवले. पुढचे दोन गोठ्यात राहिले. त्या वर्षी आमच्याकडे नवी जोडी आली नाही, आणि दोर मोटारीतच राहिला, मागच्या फळीला बांधलेला.