यशोधराबाई आणि लोखंडी रिकीब

माझ्या नातवाच्या, देवांशच्या, लग्नात वाटायला आमच्या यशोधराबाईंवर एक पान लिहून दे, असं माझी धाकटी बहीण शैलजा म्हणाली. मी कधी काही लिहिलेलं नाही. पण घरात मोडी मला एकट्यालाच वाचता येते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

यशोधराबाई म्हणजे माझ्या पणजोबांची आई. नवरा प्रतापराव, दरबारच्या घोडदळात. अकरा मुलं झाली, बहात्तराव्या वर्षी, १९२५ साली गेल्या. त्यांचं आयुष्य लाभावं म्हणून आमच्या मल्हारगंजच्या घरात थोरल्या सुनेचं नाव तांदळात यशोधराच लिहितात. प्रतापरावांची लोखंडी रिकीब, घोड्यावर बसताना पाय अडकवायची ती, बैठकीत खिळ्याला टांगलेली आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतो.

वंशावळीत लग्नाचं साल १८६० निघालं. म्हणजे बाई तेव्हा सात वर्षांच्या. तसं चालत असे. पण पहिला मुलगा १८६३चा. दहा वर्षांच्या मुलीला मूल? मी जुन्या कागदांची पेटी पुन्हा उपसली. तळाशी दोन कागद होते.

पहिला कागद म्हणजे सखुबाई नावाच्या मोलकरणीची जबानी, १८६४ची. "पानात मीठ वाढायचं राहिलं. धन्यांनी केस धरून बाईंना तबेल्यात ओढत नेलं, खुंटाला बांधलं. आधी चाबूक. बाई ओरडल्या म्हणून रिकीब सोडून घेतली. पहिल्या फटक्यात दात पडले. दुसऱ्यात जबडा गेला. तिसऱ्याला ओरडणं थांबलं, मारणं थांबलं नाही. मूल माझ्या कडेवर होतं. रक्त दाण्यात सांडलं. घोड्याने दोन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही."

दुसरा कागद मेलेल्या मुलीच्या बापाचा. थोरली मुलगी चिमा, वय सतरा, तापाने गेली; काही तक्रार नाही; धाकटी गोदा, वय अकरा, त्याच घरी दिली आहे.

गोदाचंही नाव तांदळात यशोधराच लिहिलं. वंशावळीत दोघी बहिणींची एकच बाई झाली. ही दुसरी यशोधराबाई कधी कुणाला उलट बोलली नाही आणि डाव्या कानाने बहिरी होती, असं माझी आत्या कौतुकाने सांगायची.

"दादा, पान कुठे आहे? छापनेवाला तीनदा फोन करून चुकला," शैलजा विचारत राहिली. मी होतंय, होतंय म्हणत राहिलो. लग्न लागलं तरी कागद माझ्या खिशातच.

घरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले. देवांशने अंगठी हातात घेतली. नवी सून पलक शेजारी बसली होती.

"लिही बेटा, यशोधरा," शैलजा म्हणाली.

"थांब," मी म्हणालो, आणि उभ्या उभ्या सखुबाईची जबानी वाचली.

"शुभ घडीला हे काय काढलंस, दादा? वो जमाना अलग था. तेव्हा सगळेच हात उचलायचे."

"शहात्तर साली मीही उचलला होता. प्रेमलतेवर. आमटी गार होती म्हणून. ओठ फाटला तिचा. तू स्वयंपाकघरात होतीस, शैला."

प्रेमलता माझी बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली. तिचंही नाव याच ताटात यशोधरा लिहिलं होतं.

"वहिनी दारावर आपटली, असं तूच सगळ्यांना सांगितलंस," मी म्हणालो.

शैलजाने पदर तोंडाला लावला. देवांश खाली बघत होता. पलकची नजर भिंतीवर गेली.

"आजोबा, ती हीच का?"

"हीच."

तिने ताट देवांशकडे सरकवलं. "देवांश, सोच के लिखना. पलकच लिही. और पहले वो उतारो."

देवांश उठत होता. मी त्याला बसवलं आणि स्वतः रिकीब काढली. वाटलं होतं त्याहून जड निघाली. पाय ठेवायच्या पट्टीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुंकवाची खपली बसली होती. मी नखाने खरवडत राहिलो. नख तुटलं, ती सुटली नाही.