पाच खणांचं घर

वाचनालयाच्या फळ्यावरच्या वाचकहो, आज रोजचा विनोद सुचत नाही.

लेक आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा परीक्षकांसमोर तिला बोरीच्या मामाचं, म्हणजे माझ्या मेहुण्याचं, सपाट मातीच्या छताचं माळवदाचं घर मांडायचंय. तिला सुट्टी नव्हती, म्हणून मापं मीच मेहुण्याला विचारून तिला हॉस्टेलवर पत्रानं कळवली होती. काल ती नकाशा घेऊन घरी आली.

दुपारी मेहुणा आला. नकाशावर वाकून म्हणाला, "दाजी, हे कुणाचं घर हाय?"

"तुझंच की."

"मग ह्या पाच खोल्या कवा बांधल्या? मी पाच खण म्हणलो होतो!"

खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. मी शहाण्यानं 'खोल्या' लिहिलं आणि पोरीनं मधे चार भिंती उभ्या केल्या.

ती रडली नाही. ब्लेडनं ट्रेसिंगवरची शाई खरवडायला बसली. मान वर न करता म्हणाली, "बाबा, उंची तरी टेपनंच मोजली ना?"

"हो," म्हणालो.

खरं तर मेहुण्यानं हात वर करून दाखवली होती. साडेनऊ फूट मी अंदाजानं लिहिलं.

ती वाचनालयाकडे फिरकत नाही, म्हणून इथं लिहितोय. तिची गाडी उद्या सकाळी सातला आहे. घरी जाऊन सांगू, का परीक्षक उंची विचारणार नाहीत असं धरून चालू? तुम्ही काय केलं असतं?