शाळेच्या फाटकाशी बंद पडलेली गाडी

कारखाना बंद झाल्यावर माझ्या नवऱ्याने एक जुनी पिकअप घेतली आणि लोकांचं सामान वाहायला सुरुवात केली. आम्ही कल्याणला राहायचो. सतरा वर्षं मशीनवर काम केलेला माणूस. पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. लाज वाटायची ती मला. मी वर्तकनगरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. तिथे मी "ह्यांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे" असं सांगितलेलं.

ठाण्याचं भाडं असलं की ते मला शाळेला सोडायचे. "नाक्यावरच उतरते, पुढे तुम्हाला गाडी वळवायला त्रास," असं मी म्हणायचे. पुढे वळायला भरपूर जागा होती.

त्या दिवशी एका कुटुंबाचं घरसामान वर्तकनगरला पोचवायचं होतं. ते घर दुपारीच उघडणार होतं, पण मला सोडता येईल म्हणून आम्ही सकाळीच बरोबर निघालो. वाटेत गाडी दोनदा बंद पडली. बॅटरीचा टर्मिनल ढिला झालेला. किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझायचा. ते पान्याने नट आवळायचे, की गाडी चालू. दुसऱ्या वेळी मी शेजारी उभी राहून वायर धरली. काम झाल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला. तो मी जुन्या रुमालात गुंडाळला आणि गाडीत चढताना नकळत पर्समध्ये टाकला.

मधल्या सुट्टीत मी दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी होते. बरोबर भूगोलाच्या बाई होत्या. खाली फाटकासमोर आमची गाडी उभी होती. हौद्यात कपाट, गाद्या, उलटं बांधलेलं टेबल. ते बॉनेट उघडून वाकलेले. मग त्यांनी सीटखालची हत्यारांची पेटी काढली, सगळी रस्त्यावर ओतली. पायाशी बघितलं, सीटमागे हात घातला. काय शोधतायत ते मला लगेच कळलं.

शाळेचा वॉचमन बाहेर आला. "डिझेल संपलं असेल," म्हणाला.

"डिझेल आहे. टर्मिनल ढिला आहे. दहा नंबरचा पाना मिळेल का कुठे?"

वॉचमनकडे नव्हता. त्यांनी पत्र्याचा तुकडा घडी करून टर्मिनलच्या खाचेत ठोकून बघितला. किल्ली फिरवली. टक्.

"काय एकेक गाड्या रस्त्यावर आणतात," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सकाळी तुम्ही ह्याच गाडीतून उतरलात का हो? ओळखीचे आहेत?"

"नाही," मी म्हटलं. "मी रिक्षाने आले."

पर्स खांद्यालाच होती. दोन जिने उतरून जायला किती वेळ लागतो? मी गेले नाही.

शेवटी धक्का मारायचं ठरलं. वॉचमन आणि शाळेचा शिपाई मागून ढकलू लागले, पण सामानाने भरलेली गाडी दोघांना हलेना. कॉलनीत मासे विकायला येणारी एक कोळीण जात होती. तिने पाटी भिंतीशी ठेवली, पदर खोचला आणि हौद्याला खांदा लावला. जोर लावता लावता तिने वर बघितलं.

"वर काय बगताव गो? खाली या, हात लावा."

भूगोलाच्या बाई हसल्या. मीही हसले. त्याच वेळी खाली माझ्या नवऱ्याने गाडीच्या खिडकीतून मान वर केली. मला बघितलं, आणि लगेच स्टेअरिंगकडे वळले. हाक मारली नाही. उतारावर गाडीने आचका दिला, काळा धूर सोडला आणि चालू झाली.

संध्याकाळी चहा घेताना मी पाना टेबलावर ठेवला.

"तुझ्याकडे राहिला होय," ते म्हणाले. "तू दिसलीस वर. पण म्हटलं, तास चालू असेल."

"हो," मी म्हटलं. "तासच चालू होता."

पुढे दीड-दोन महिन्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दुसऱ्या शाळेतून बाकं आणायची होती. मुख्याध्यापिकांनी विचारलं, कोणाच्या ओळखीत टेम्पो आहे का. मी सांगून टाकलं, माझ्या मिस्टरांची पिकअप आहे. तेवढं धाडस गोळा करायला मला तेवढे दिवस लागले.

बाकं उतरवून झाल्यावर त्यांना चहाला आत बोलावलं. मी ओळख करून दिली. भूगोलाच्या बाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्या दिवशी फाटकाशी तुमचीच गाडी..." त्या म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत आम्ही दोघी वर उभ्या होतो. ह्या काही बोलल्याच नाहीत."

माझ्या नवऱ्याने कप बशीत ठेवला.

"मीच सांगून ठेवलंय हिला," ते शांतपणे म्हणाले. "गाडीचं काही झालं तरी तू शाळेतून उठून यायचं नाही म्हणून."

परत जाताना मुंब्रा मागे पडलं. मग मी बोलले. त्या बाईंनी विचारलं होतं ओळखीचे का, आणि मी नाही म्हटलं, हे सगळं सांगितलं.

"कळलं मला," ते म्हणाले. "त्या बाईंच्या तोंडावरूनच कळलं." त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मलापण लाज वाटायची गं सुरुवातीला. कारखान्यातलं कोणी दिसलं की मी तोंड फिरवायचो."

मला बरं वाटावं म्हणून ते हे बोलले. पण त्यांना लाज वाटायची ती स्वतःची. मला त्यांची वाटली होती. हा फरक त्यांनाही कळत असणार. तो त्यांनी बोलून दाखवला नाही.