बाबांना वाहतं पाणी हवं होतं

बोस्टनच्या विमानतळावर बाबांची पिशवी मशीनमधून बाहेर आली ती थेट बाजूच्या टेबलावर गेली. हातमोजे घातलेल्या बाईनं आतला स्टीलचा डबा उघडला, लाल फडक्याची गाठ सोडली आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक आणि बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा. आमचे देव. आईनं जन्मभर चिंच लावून घासल्यामुळे खंडोबाचा चेहरा केव्हाच गेला होता, घोडा तेवढा ओळखू येत होता. बाईनं विचारलं, "व्हॉट आर दीज, सर?"

"फॅमिली," बाबा म्हणाले.

ती हसली आणि तिनं सगळं होतं तसं बांधून दिलं. मागे बूट हातात घेऊन उभे असलेले लोकही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभराच्या प्रवासाला कुणी देव घेऊन निघतं का? पण आई गेल्यापासून बाबा रोज पूजा करत होते, म्हटलं, राहवत नसेल.

आई गेली त्याच वर्षी बाबा नाशिकचा फ्लॅट विकून आमच्याकडे श्रूजबरीला आले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. पहिला अख्खा हिवाळा गुडघ्यावर शाल घेऊन ते खिडकीशी बसून होते. काही विचारलं तर "हं", नाही विचारलं तरी "हं". आणि एक दिवस आपणहून म्हणाले, मला इथलं वाळवंट बघायचंय. न्यू मेक्सिको, ॲरिझोना. जुन्या लोकांनी दगडात बांधलेली गावं आणि तुमच्या लोकांनी वाळूत बांधलेलं फिनिक्स. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी रजा टाकली. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलगी ॲन आर्बरला शिकायला. म्हणून आम्ही दोघंच निघालो, बाप आणि लेक.

अल्बुकर्कीला उतरल्यावर बाबांनी हॉटेलात बॅग टाकायलाही नकार दिला. आधी नदी, म्हणाले. रिओ ग्रँड. ती त्यांनी तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर काढली होती, उगमापासून मुखापर्यंत, निळ्या खडूनं. "रिओ ग्रँड म्हणजे मोठी नदी," गाडीत त्यांनी मला शिकवलं, मी सहावीत असल्यासारखं.

पुलावर पोचलो आणि खाली वाळू. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू, मधे कुठेतरी ओल, आणि नदीच्या पात्रात एक बाई कुत्र्याला फिरवत होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी हसायला लागले. बाबांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पडला होता, छातीशी ती पिशवी घट्ट धरलेली.

"पाणी कुठे गेलं?"

"वरती शेतीला घेतात, बाबा. यंदा पाऊसही नाही. त्यात एवढं काय?"

"मला देव सोडायचे होते," ते म्हणाले. "वाहत्या पाण्यात. तुमच्याकडे ते तळं आहे, ते चालत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नाशिक सोडण्याआधी गोदावरीत सोडायला गेले होते, पण तिथे घाटावर ओळखीची माणसं, हात धजला नाही. म्हणून नकाशात शोधून ही नदी काढली होती. हे वाळवंट, ही जुनी गावं, सगळा बहाणा. हिवाळाभर खिडकीशी बसून ते हे ठरवत होते, आणि मी आपली सगळ्यांना सांगत सुटले होते की बाबा सावरले.

"मी असताना?" मी म्हटलं. "मी एकुलती एक मुलगी, जिवंत, धडधाकट, आणि तुम्ही देव बुडवायला निघालात?"

"मुलीला देव देत नाहीत," बाबा म्हणाले. "तुझ्या घरचे देव वेगळे."

"माझ्या घरचे देव पुण्याला थोरल्या दिरांकडे आहेत!"

"मग बरोबर आहे ते."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या पुलावर कळलं. रात्रीच्या जेवणात आम्ही एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी चाको कॅन्यन. शेवटचा रस्ता कच्चा, गाडी अशी हादरत होती की बाबांनी पिशवी मांडीवर घेतली.  तिथे उन्हात एक अख्खं गाव उभं आहे, चार-चार मजली, विटेसारखे पातळ दगड एकावर एक रचलेले, छपरं गेलेली. कॅन्यनमधल्या ओढ्यालाही पाणी नव्हतं, ते बाबांनी सर्वांत आधी बघून घेतलं. पार्कचा रेंजर सांगत होता की हे लोक नाहीसे झाले असं म्हणू नका, ते इथून निघून गेले, त्यांची मुलंबाळं आजही आसपासच्या गावांत राहतात.

खोल्यांची दारं इतकी बुटकी की बाबांना गुडघ्यावर हात ठेवून वाकावं लागत होतं. एका खोलीत ते थांबले. भिंतीत एक चौकोनी कोनाडा होता, वीतभर. त्यांनी हात लावला नाही, नुसते बघत राहिले.

"इथे देव असणार."

"दिवा असेल. भांडं असेल. तुम्हाला काय माहीत?"

"एवढ्या उंचीवर भांडं कोण ठेवेल? जाताना नेले असतील ना गं बरोबर?"

त्यांचा आवाज असा होता की मला भांडता आलं नाही. रेंजरला विचारू का म्हटलं, तर नको म्हणाले. त्याला काय माहीत असणार.

अकोमा हे गाव मात्र रिकामं नाही. उभ्या कड्याच्या डोक्यावर मातीची घरं, शेकडो वर्षं वस्ती न मोडलेली. वर वीज नाही, नळ नाही. त्यांच्याच बसनं वर जायचं आणि त्यांच्यातल्याच कुणाबरोबर तरी फिरायचं. आमच्याबरोबर माझ्या वयाची एक बाई होती, टोपी घातलेली, भरभर बोलणारी. ती म्हणाली की इथलं घर बापाकडून मुलाकडे जात नाही. आईकडून मुलीकडे जातं, आणि तेही धाकट्या मुलीकडे.

मी बाबांकडे बघितलं. मुद्दाम बघितलं. त्यांनी हात वर केला, वर्गात असल्यासारखा, आणि विचारलं, "मॅडम, अँड द गॉड्स? दे ऑल्सो गो टू डॉटर?"

बाईचं हसू जरा आवरलं. "वी डोन्ट टॉक अबाउट दॅट, सर," ती मऊपणानं म्हणाली आणि पुढच्या गल्लीकडे वळली.

मला लाज वाटली, पण बाबा खूश झाले. "बरोबर आहे. घरातलं परक्याला कशाला सांगायचं?"

"आणि मी?" मी म्हटलं. "मी कोण?"

खाली येऊन गाडीत बसल्यावर मी ऐकवायचं ते ऐकवलं. टाक तुमच्या घराण्याचे, ठीक आहे, ते तुमचे. पण अन्नपूर्णा? ती आईची. आईच्या लग्नात गौरीहरापाशी तिच्या आईनं तिच्या पुढ्यात ठेवलेली. ती माहेरून सासरी आलेली. म्हणजे देव मुलीला देतात, बाबा. देतातच. नवरी मुलगी माहेराहून काय घेऊन जाते मग?

"तुझं लग्न कोर्टात झालं," बाबा म्हणाले.

झालं होतं. ॲन आर्बरला, थंडीत, दोघंही तेव्हा विद्यार्थी, साक्षीला दोन मित्र. आईबाबांना व्हिसा मिळाला नव्हता. गौरीहर नाही, अन्नपूर्णा नाही. नंतर आई दोनदा अमेरिकेला आली, लोणची आणली, भाजणी आणली, पोळपाट आणला. अन्नपूर्णा आणली नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. पन्नाशीला आलेली मी, वाळवंटात गाडीचा एसी लावून बसले होते आणि मला माझी अन्नपूर्णा हवी होती. 

फिनिक्सच्या वाटेवर मुलीचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर. मी तिला सरळच विचारलं. म्हटलं, समज, आजीचे देव आपल्याकडे आले. माझ्यानंतर तू ठेवशील?

"लाइक, द होल सेट?" ती म्हणाली.  चांगली मुलगी आहे, खोटं बोलत नाही. "आई, आय डोन्ट नो. व्हॉट वुड आय डू विथ देम? मला पूजा येत नाही. आय डोन्ट वॉन्ट टू से येस अँड देन, यू नो… इज आजोबा ओके?"

"आजोबा फाइन," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला वाटलं आता ते म्हणतील, बघितलंस? पण तसं काही म्हणाले नाहीत. बोलायला लागले ते वेगळंच. आमच्या नाशिकच्या बिल्डिंगमधले एक काका वारले, मुलं परदेशात, तेव्हा जागा रिकामी करायला आलेल्या माणसानं देव भंगारात घातले. वजन करून. बाबांनी स्वतः बघितलं होतं. आणि परवा चाकोतल्या एका छोट्या म्युझियममध्ये काचेत मांडलेली भांडी बघितली, खाली नंबर लावलेले. "ते रीतभातीचं मी तुला नुसतं म्हटलं," बाबा म्हणाले. "तू नीट ठेवशील, मला माहीत आहे. पण तुझ्यानंतर? एक तर भंगार, नाही तर नंबर. त्यापेक्षा मी माझ्या हातानं सोडतो. माझे आहेत तोवर."

 रागाला निदान टेकायला जागा होती, ती गेली. बाहेर लांबच लांब लाल माती आणि अधूनमधून पेट्रोल पंप.

फिनिक्समध्ये नदी आहे, तीही कोरडी. पण कालवे आहेत. गावभर, घरांच्या मागून, दुकानांच्या मागून, काँक्रीटचे सरळ कालवे, आणि त्यात पाणी. हॉटेलच्या मागेच एक होता. सकाळी बाबांनी मला हाक मारली तेव्हा ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होते. "वाहतंय," म्हणाले. इथल्या जुन्या लोकांनी काठीनं उकरून खणलेल्या पाटांवरच नव्या लोकांनी यातले काही कालवे बांधले, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. पाणी आणायची वाट तीच. सकाळीच ऊन भाजत होतं. काठावरून माणसं पळत होती, सायकली जात होत्या, आणि कालव्यात काहीही टाकू नये अशी पाटी होती. मी ती वाचली. बाबांनीही वाचली.

त्यांनी डबा उघडला आणि वाकायला गेले. गुडघे वाकेनात. काठ उतरता होता, मी दंड धरला.

"मला जमत नाही," ते म्हणाले. "तू सोड."

"मी देव ठेवलेले चालत नाहीत, बुडवलेले चालतात?"

बाबा हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईच्या वेळी मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी बसले. खंडोबाचा टाक पाण्यात सोडला, मग भवानीचा. चपटे होते, थोडे तिरके तरंगल्यासारखे गेले आणि दिसेनासे झाले. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. अन्नपूर्णा मुठीत घेऊन मी उठून उभी राहिले.

"एक राहिली," बाबा म्हणाले.

"ही नाही सोडणार."

"अगं, तुझ्यानंतर—"

"माझ्यानंतरचं माझी मुलगी बघेल. ठेवेल, देईल, काचेत घालेल, मला माहीत नाही. तुम्ही माझं बघा ना, बाबा. मी आहे अजून. मला द्या."

एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता फेकतील. मी मूठ उघडली. त्यांनी अन्नपूर्णा घेतली, खिशातल्या रुमालानं पुसली, तिचा पळी धरलेला हात नीट कोरडा केला आणि परत माझ्या तळहातावर ठेवली. दोन्ही हातांनी ठेवली.

"नुसती ठेवायची नसते," ते म्हणाले. "वाटीत तांदूळ घ्यायचे, त्यात बसवायची. तांदळाशिवाय ठेवायची नाही."

"कुठले तांदूळ? बासमती चालतो?"

"चालत असेल. घरात असतील ते."

"आणि ते बदलायचे किती दिवसांनी?"

बाबा आठवत राहिले. ओठ हलले, कपाळावर आठ्या आल्या, त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते तुझ्या आईला माहीत," ते म्हणाले.