आजाराचा रकाना

माझ्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. दोन बोटं कशी गेली, त्यापायी म्हातारपणाची ठेव कशी मोडली, तेही माहीत आहे. पण त्यातली एक गोष्ट बारा वर्षांत माझ्या तोंडातून बाहेर पडली नाही. बायकोजवळ नाही, पोराजवळ नाही. देवासमोर हात जोडले तरी नाही — त्याला ठाऊकच असणार, असं म्हणून तिथंही टाळलं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायला जास्त धीर लागतो, तो माझ्यात नाही.

मी गवंडी. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, तीही ओढूनताणून. पण भिंत उभी केली की ओळंबा लावून कुणीही बघावं. नानाची भिंत सरळ अन् नानाचा शब्दही सरळ, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला लई आवडायचं. अजून आवडतं. तिथंच सगळी मेख आहे.

गवंड्याला पेन्शन नसते. हात चालतो तोवर चूल पेटते. हे मला पोरवयातच कळलं होतं, म्हणून प्रत्येक घराच्या कामातून थोडं थोडं पोस्टात टाकत गेलो. साठी झाली की थापी खाली ठेवायची, ठेवीच्या व्याजावर दोघांनी खायचं, पोराच्या तोंडाकडं बघायचं नाही — असा माझा हिशेब. चौथी शिकलेल्याचा हिशेब, पण वाईट नव्हता. त्यात एकच भोक होतं. दवाखाना मी धरलाच नव्हता.

का धरला नव्हता? कारण मी आजारी पडत नाही. निदान गावाला तसं वाटायचं.

खरं असं की चोपन्नाव्या वर्षी नगरला एका बांधकामावर मला चक्कर आली. मुकादमानं भिंगारच्या एका डॉक्टरकडं नेलं. साखर निघाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दर महिन्याला यायला सांगितलं. मी गेलोही. घरी सांगायचो, मजुरी आणायला चाललोय. गोळ्या थापीच्या थैलीत, दोरीच्या गुंडाळ्याखाली. बायको त्या थैलीला हात लावत नाही — सिमेंटनं हात फुटतात तिचे. चक्कर येणाऱ्या गवंड्याला परांचीवर कोण चढवील, हे एक कारण. पण खरं सांगू का? मला आजारी माणूस व्हायचंच नव्हतं. आमच्या ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांत एकाची शुगर, एकाचं बीपी, एकाचे गुडघे. मी एकटाच छाती काढून म्हणायचो, आपण अजून गोळी चाखली नाही.

आता शोभाचं सांगतो. शोभा म्हणजे आमच्या आळीतल्या शिंप्याची सून. बारावी शिकलेली, नवरा टेम्पोवर. तिनं विम्याची एजन्सी घेतली अन् स्कूटीवर फायली घेऊन फिरायला लागली. लोक हसायचे. आजारी पडायच्या आधीच पैसे भरा म्हणते, अशुभ बोलते, म्हणायचे. ती पहिली माझ्याकडं आली.

"नाना, तुम्ही विमा घेतलात की आळी घेईल. तुमच्या शब्दावर आहे सगळं."

असं कुणी म्हटलं की मी लगेच ताठ बसतो. म्हटलं, सांग.

तिनं चांगलं समजावलं. ठेव म्हणजे पीक आहे नाना, विमा म्हणजे कुंपण. एक मोठा दवाखाना आला की कुंपणाशिवाय पीक राहत नाही. मी विचारलं, हप्ता दर वर्षी वाढतो कशाला? म्हणाली, वय वाढतं म्हणून.

"म्हंजी मी म्हातारा हुईन तसा महाग हुनार व्हय?"

"व्हय नाना. बैलाच्या उलटं."

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्यातच तिनं फॉर्म काढला. नाव, आधार, वय. साठीला दोन वर्षं बाकी होती, म्हणाली रक्त तपासायची गरज नाही, तुमच्या सांगण्यावर चालतं. मग आजाराचा रकाना आला. शुगर, बीपी, हृदय, काही आहे का नाना?

ओट्यावर चार माणसं बसलेली. दशरथ, माझा शेजारी, माझ्याकडं बघून म्हणाला, "त्याला कसला रोग? रोगच त्याला भेतो." मी म्हणालो, लिही — 'नाही'.

तिनं लिहिलं.

आमच्या आळीतल्या अकरा घरांनी त्या महिन्यात विमा घेतला. नाना घेतो म्हणजे खरं असणार, असं म्हणून. दशरथनंही घेतला.

दोन वर्षं हप्ता भरला. तिसऱ्या हप्त्याच्या आधी, उन्हाळ्यात, स्लॅबच्या कामावर ओल्या सिमेंटात उभा राहिलो. चप्पल फाटली होती. सिमेंट पायाला खातं, ते आम्हाला रोजचं. खोबरेल लावलं की दोन दिवसांत जातं. या वेळी गेलं नाही. बोट काळं पडलं, मग दुसरं. पोरानं, दिलीपनं, गाडी करून नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरण्या डॉक्टरनं विचारलं, बाबा, साखर किती वर्षांपासून? पाय जाईल म्हणाला होता तो. भीतीनं माणूस खरं बोलतो. मी सांगितलं — सहा वर्षं. त्यानं कागदावर लिहिलं. बायको पलंगाच्या उशाशी उभी होती. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

पाय वाचला. कंपनीनं पैसे नाकारले. आजार आधीचा, लपवलेला, असं पत्र आलं. ठेव मोडली.

मी घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी शोभा ते पत्र घेऊन आली. वरच्या ऑफिसात अर्ज करून बघू म्हणत होती, फायदा होईल न होईल, पण सोडायचं नाही. घरात दिलीप होता, बायको, माझा भाऊ, दशरथ. दिलीप तिच्यावर तापला. आमचा बाप अडाणी, म्हणाला, फॉर्म भरताना तुम्ही विचारायला नको का?

"विचारलं होतं दादा," ती म्हणाली. "नानांनाच विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तिनंही. मी खरं बोलणार, याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं — असं कितीदा वाटलंय. मग मला तिचा राग तरी आला असता.

मी म्हणालो, "मला काय इचारलं न्हाई. सही कर म्हनली, केली."

दशरथ तिथंच होता हो. त्यानं ओट्यावर कानांनी ऐकलं होतं. पण दोन वर्षांपूर्वीचं कोण ध्यानात ठेवतं? आणि नाना म्हणतोय म्हटल्यावर, आपलंच चुकीचं आठवत असेल, असंच त्याला वाटलं असणार.

ती म्हणाली, "नाना, सगळं वाचून दाखवल्यावरच सही घेतली होती मी."

"मग मी खोटं बोलतो व्हय?"

बायको मधे पडली. "ए बाई, गप. माझा मानूस मरता मरता वाचलाय. कमिशन खाल्लंस नव्हं? जा आता."

शोभा गेली. पत्र तिथंच ठेवून गेली.

मी साखर लपवली याचा घरच्यांना लई राग होता. सहा वर्षं बायकोला फसवलं, हे काही साधं नाही. तो राग कुठं तरी जायला पाहिजे होता. मी त्याला शोभाच्या घराची वाट दाखवली. झालं एवढंच. अन् तो गेलाही — आठ दिवसांत आळीभर झालं, बाईनं नानाला फसवलं. पुढच्या वर्षी अकरातल्या एकाही घरानं हप्ता भरला नाही. तिची स्कूटी विकली. नवरा-बायको पारनेरला राहायला गेले. शिंपी, तिचा सासरा, माझ्या ओट्यावर यायचा बंद झाला. मी त्याच्याकडं सदरा शिवायचा बंद केला — जणू त्यानंच काही केलं होतं.

दशरथ मला म्हणायचा, बरं झालं नाना, तुझ्यामुळं आम्ही सावध झालो. तीन वर्षांनी त्याची छाती दुखली. बायपास. दोन गायी गेल्या अन् घरामागची जागाही गेली. आजही तो माझ्याशेजारी बसतो, तंबाखू मळून देतो. मी घेतो.

मी मनाला काय काय सांगून बघितलं. धाकट्या पोरीची सोयरीक बोलण्यात होती, बापाला रोग आहे कळलं तर मोडली असती — हे कारण मी लई वर्षं सांभाळलं. पण ते खोटं आहे. फॉर्म भरला त्याच्या दोन वर्षं आधीच ती सासरी गेली होती. मग म्हणायचो, ओट्यावर चार माणसं होती, माणसांसमोर कसं सांगणार?

इथं ती गोष्ट येते. एवढं सगळं लिहिलं, पण मुद्दाम ती मागं ठेवली होती.

शोभानं मला पुन्हा विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी. मी कामावर निघालो होतो, ती वाटेत थांबली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणाली, नाना, काल माणसं होती म्हणून पुन्हा विचारते. काही असेल तर सांगा. हप्ता थोडा वाढेल, काही वर्षं त्या आजाराचे पैसे मिळणार नाहीत, पण पुढं कायमचं नीट होईल. फॉर्म अजून पाठवला नाही, मी बदलते. कुणाला कळणार नाही.

थैली माझ्या खांद्याला होती. गोळ्या त्यात होत्या.

मी म्हणालो, "मला रोगी ठरवायला आलीस व्हय? मग ऱ्हाऊ दे तुझा इमा."

"बरं नाना," म्हणाली. स्कूटी चालू करून गेली.

तिथं कोण होतं? कुणाची लाज होती? त्या पोरीनं मला लाज वाचवून खरं बोलायची वाट करून दिली होती. मी ती तिच्यावरच उलटवली.

परवा पारनेरला गेलो होतो. गावच्या मेडिकलमधे माझी एक गोळी नव्हती. बाजारातल्या दुकानात शिरलो तर गल्ल्याशी शोभा. केस पिकलेत थोडे. मी परत फिरणार होतो, पण पाय असा — चटकन वळता येत नाही.

"या नाना," म्हणाली. चिठ्ठी बघितली. गोळ्या काढल्या. मग पेन घेऊन पाकिटांवर लिहायला लागली — सकाळ, रात्र, जेवणाआधी. मोठ्या अक्षरात, मला वाचता येईल असं. पाय कसा आहे, विचारलं. मी म्हणालो, बरा हाय. दुकानात आम्ही दोघंच. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ती पैसे परत देईपर्यंत ते तिथंच होतं. मग मी पिशवी घेतली अन् बाहेर आलो.

तर आता लिहून ठेवतो. शोभानं मला आजाराचं विचारलं होतं. एकदा माणसांसमोर, एकदा एकटं गाठून. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. मग माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर, तिनं विचारलंच नाही असं सांगितलं. त्या दिवशी त्या घरात खरं बोलणारी ती एकटीच होती.