उपकेंद्राची बातमी

"एक इचारू का?" म्हणून तो हात वर करायचा आणि परवानगी मिळायच्या आत विचारून मोकळा व्हायचा. औरंगाबादला संध्याकाळच्या कॉलेजात आम्ही पत्रकारिता शिकत होतो. मी चाळिशी ओलांडलेली. घरचे म्हणायचे, हिला बातम्या काढायला शिकवावं लागतं हीच मोठी बातमी. तो विशीतला, करमाडच्या पुढच्या एका खेड्यातला; घरी मेंढरं. बाकीची पोरं मला काकू म्हणायची, तो ताई म्हणायचा. त्यामुळं त्याच्याबद्दल माझं मत मुळातच चांगलं.

सर बातमीची रचना समजावत असले की हा विचारायचा, "सर, छापल्यावर हलतं का काही?" सर म्हणायचे, हलतं तर. तो ते खरं मानायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल.

त्याला एकच बातमी द्यायची होती. गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, तिला कुलूप होतं आणि आत सरपंचाच्या सिमेंटच्या गोण्या. त्याची वहिनी त्या कुलपासमोरच बैलगाडीत बाळंत झाली होती. मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तिचे दिवस भरायच्या आत कुलूप निघावं, एवढंच त्याचं म्हणणं.

त्यानं बातमी लिहिली. मी शुद्धलेखन तपासलं, म्हणजे त्याचे दोन-तीन बरोबर शब्द चुकवून ठेवले. एका दैनिकाचे संपादक म्हणाले, झकास आहे, वर्धापनदिनाच्या पुरवणीत घेऊ; पण गावचे वार्ताहर म्हणून जाहिरातीही तुम्हीच आणायच्या. आपल्याकडं ही रीतच. तो गावभर फिरला. किराणावाल्यानं, गिरणीवाल्यानं नाही म्हटलं. शेवटी सरपंचानं बोलावून चहा पाजला आणि अर्ध्या पानाची जाहिरात दिली.

तो वर्गात हरखून सांगत आला, "त्यांना जाहिरात, मला बातमी. एकाच पानावर, ताई." मी पेढे मागितले. अक्कल माझीही तेवढीच.

पुरवणी आली. अर्ध्या पानात फेटा बांधलेले सरपंच, 'गोरगरिबांचे आरोग्यदूत'. खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या झाडून सगळ्या तरुणांची नावं, कुणाला न विचारता टाकलेली. त्यात याचंही. उरलेल्या अर्ध्या पानात सरपंचांच्या कार्याचा आढावा. बातमी कुठंच नव्हती.

घरी काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. वहिनीला वाचता येत नव्हतं. कुणीतरी बोट ठेवून नाव दाखवलं, तर ती कौतुकानं म्हणाली, "भावजी, तुमचं नाव आलं की. आता कुलूप काढतील न्हवं?"

नंतर तो वर्गात आला नाही. मी पहिल्या वर्गात पास झाले आणि माझ्या पाककृती छापून येऊ लागल्या.

वर्षभरानं जालन्याच्या एसटीत होते. करमाडजवळ मेंढरं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी थांबली. मेंढरांमागं तो. मी खिडकीतून हाक मारली. जवळ येऊन त्यानं विचारलं, काही लिहिता का. मी वांग्याच्या भरताचं सांगितलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "त्याला कुणी अडवत नाय."

वहिनीला माहेरी धाडलं होतं, तिथं दवाखाना होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण ती इकडं परत यायला तयार नव्हती आणि भाऊही तिकडंच जाऊन राहिला होता. मेंढरं आता एकट्या याच्या गळ्यात.

"आणि उपकेंद्र?"

"नवं कुलूप बसवलंय, ताई."

मागं राहिलेलं कोकरू त्यानं काखेत मारलं आणि तो रस्त्याच्या पलीकडं उतरला.