भाकरीचा पहिला तुकडा

काल बंदरावर रॉकेलचा वास आला आणि मला तारापूरजवळचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. बोईसरच्या कारखान्यातल्या पहिल्या पगारातून मी विजेची इंडक्शन शेगडी आणली होती आणि ती आईला दाखवायची भयंकर घाई झाली होती. भिंतीवर स्टोव्हची काजळी, दारात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. मी ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी ठेवलं, तर शेगडी नुसतीच पी-पी करत राहिली. “जाळ नाय तं तापंल कशानं?” आई म्हणाली. तेव्हा आठवलं, हिला लोखंड लागतं. बंद पडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक काढून मी भांड्याभांड्याला लावत सुटले. सगळीकडून ते घसरलं, पण आईच्या भाकरीच्या तव्याला खटकन चिकटलं. बघता बघता तवा तापला, तांदळाची भाकरी टम्म फुगली. रोज पहिला तुकडा आई अग्नीचा म्हणून स्टोव्हच्या ज्योतीत टाकायची. त्या दिवशीही तिनं तो मोडला आणि हात हवेतच थांबला. ज्योत कुठे होती? ही शेगडी आता परत जाणार, असंच मला वाटलं. पण आईनं तुकडा हळूच शेगडीच्या कडेला ठेवला आणि हात जोडले. “दिसत नाय,” ती म्हणाली, “पन हाय.” माझ्या शेगडीच्या कडेलाही अजून रोज एक तुकडा असतो.